चारशे बारा पुड्या

खाणीच्या कांडीघरात मास्तरांना बत्तीस वर्षं झाली होती आणि या बत्तीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाला पूर्ण शहाणा म्हटलेलं नव्हतं.

कांडीघर म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. जमिनीखाली काय दडलंय ते बघायला पोकळ नळीने खोल भोक पाडतात, तेव्हा नळीत अडकून मनगटाएवढा दगडाचा दांडा वर येतो. त्याचे तुकडे म्हणजे कांड्या. त्या लाकडी पेट्यांत ओळीने लावायच्या, पेटीवर भोकाचा नंबर आणि खोली लिहायची, आणि कोणी साहेब आला की ओल्या फडक्याने पुसून समोर ठेवायच्या. काम एवढंच. पण मास्तर ते असं करत, की बघणाऱ्याला वाटावं हा डोंगर यांनीच घडवला आणि बाकीचे नुसते हिंडायला आले आहेत.

त्यांची एक लकब होती. कांडी दोन बोटांत धरायची, उजेडाकडे फिरवायची, आणि तिच्यात काही नसलं तर एक शब्दही न बोलता खाली ठेवून द्यायची. माणसांचंही ते तसंच करत. मॅनेजर आला, फिरवला, ठेवला. तो गडी खाणीत उतरण्याआधी आरशात भांग बघायचा. त्याला फिरवायलाही फार वेळ लागला नाही. मुख्य कचेरीचे पाहुणे वर्षातून एकदा नवीकोरी हेल्मेटं घालून यायचे, शिशाच्या दगडाला चांदी समजून फोटो काढायचे आणि जाताना विचारायचे, "इथे सोनं का नाही हो निघत?" मास्तर म्हणायचे, "साहेब, तुम्ही आलात की निघतं." पाहुणे खूश होऊन हसायचे. मास्तरांना त्यांच्या हसण्याचीही कीव यायची.

पण या सगळ्यांच्या वरच्या पायरीवर त्यांनी बसवला होता स्वतःचा जावई.

जावई खाणीचा भूवैज्ञानिक. सात वर्षं विद्यापीठात घालवलेली, खिशात रंगीत पेन्सिली, आणि दगड ओळखायचा तर चक्क जिभेने चाटून बघायचा. मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं होतं नकाशेबुवा. मुलीने जेव्हा सांगितलं की लग्न करीन तर याच्याशीच, तेव्हा मास्तर दोन दिवस जेवले नव्हते आणि तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून तयार झाले होते. तेव्हापासून ते जावयाशी फार अदबीने बोलत. 'जावईबापू' म्हणत, 'तुम्ही' म्हणत, आणि त्या अदबीत एवढा तुच्छपणा भरत, की समोरच्याला शिवी परवडावी.

मुलगी खाणीच्याच प्रयोगशाळेत होती. खालून आलेला दगड फोडायचा, गिरणीत पिठासारखा बारीक दळायचा, त्यातलं चिमूटभर आम्लात विरघळवून यंत्राला दाखवायचं आणि कागदावर लिहायचं की यात शिसं किती, जस्त किती. उरलेलं पीठ कागदाच्या पुडीत बांधून, वर नंबर, तारीख आणि निघालेले आकडे घालून कांडीघरात जमा करायचं. एकही नमुना फेकायचा नाही, हा मास्तरांचा कायदा. एका माणसाने एकदा तीन पुड्या कचऱ्यात टाकल्या, तर मास्तरांनी त्याला कचरापेटीत हात घालायला लावून त्या परत आणवल्या होत्या. मुलीलाही या कायद्यातून सूट नव्हती.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलीचं घर त्याच ओळीत, तिसरं दार. सकाळी चहाचा थर्मास तिच्याकडून यायचा, रात्रीचं जेवण मास्तर तिच्या घरी जेवायचे. जेवताना जावयाच्या चुका काढायच्या आणि घरी येऊन झोपायचं. त्यांच्या आयुष्यातलं सुख म्हणतात ते एवढंच होतं. ते कोणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखी माणसंच त्यांच्या मते उरली नव्हती.

आणि नेमकं हेच सुख टांगणीला लागलं. खाणीतला माल संपत आला होता. मुख्य कचेरीचं पत्र आलं की शेवटचा एक बोगदा मारा. त्यात माल लागला तर खाण आणखी पंधरा वर्षं चालेल, नाही लागला तर कुलूप. कुलूप लागलं की मुलगी आणि जावई नोकरी मिळेल तिकडे जाणार, आणि मास्तर निवृत्त होऊन बंद खाणीच्या रिकाम्या ओळीत एकटे राहणार. मास्तरांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांना सगळंच कळायचं, तीच तर अडचण होती.

बोगदा कुठे मारायचा हे ठरवणं जावयाचं काम. एका सकाळी तो काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन कांडीघरात आला आणि मास्तरांच्या पुसलेल्या टेबलावर त्याने ती पसरली. चारही कोपऱ्यांवर कांड्या ठेवल्या. वजन म्हणून! मास्तरांनी त्या चारही कांड्या उचलून जागच्या जागी नेऊन ठेवल्या. नकाशा पुन्हा गुंडाळला गेला.

"हाताने धरा, जावईबापू," मास्तर म्हणाले.

जावयाने दोन्ही हातांनी नकाशा धरला आणि हनुवटीने दाखवत सांगायला लागला.

"हे बघा बाबा. मधला लाल भाग म्हणजे खालून वर आलेला तापलेला दगड. त्याच्यातून गरम पाणी भेगाभेगांतून बाहेर पसरत गेलं. जवळ होतं तिथे तांबं बसलं. जरा निवल्यावर जस्त बसलं, आणखी निवल्यावर शिसं. कांद्याचे पापुद्रे असतात ना, तसं एकाबाहेर एक. तांबं आपण कधीच संपवलं. जस्त-शिशाचा पट्टा या पूर्वेच्या भेगेपर्यंत खणला आणि तो एकदम तुटला. सगळे म्हणाले, संपला. संपला नाही. भेगेपाशी अख्खा डोंगर सरकलाय आणि पट्ट्याचा उरलेला भाग टेकडीखाली जाऊन बसलाय."

"कशावरून?"

"तुमच्याच पेट्यांवरून. टेकडीच्या माथ्यावरची तीन जुनी भोकं. नऊ, अकरा, बारा. तिन्हींत माल आहे. आडवा थर, भिंगासारखा. अकरामध्ये शहाण्णव मीटरवर सुरू होतो आणि पाच मीटर जाड आहे."

मास्तरांनी अकरा नंबरची पेटी काढली, पुसली. ओलं फडकं फिरताच करड्या दगडात शिसं चकाकलं आणि मधाच्या रंगाचं जस्त दिसलं. पेटीवर खोली लिहिली होती, शहाण्णव. अक्षर मास्तरांचंच, एकतीस वर्षांपूर्वीचं.

खरं सांगायचं तर पोरगा बरोबर होता. पापुद्रे बरोबर, भेग बरोबर, टेकडीखालचा थरही बरोबर. इतकी वर्षं एकाही दीडशहाण्याला जे सुचलं नव्हतं ते याने रंगीत पेन्सिलींनी काढून दाखवलं होतं. मास्तरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांना त्याचा रागच आला.

"उंची कुठून धरलीत?" त्यांनी सहज विचारलं.

"टेकडीवर भोकांचे खांब आहेत ना सिमेंटचे. त्यांच्या पायथ्यापासून. तिथून शहाण्णव मीटर खाली. सहाव्या लेव्हलवरून बोगदा नेला की सरळ थराच्या पोटात."

मास्तरांचा हात फडक्यावरच थांबला.

ते खांब त्यांनी स्वतः रोवले होते. भोकं पाडली त्याच्या पुढच्याच वर्षी तेव्हाच्या मोठ्या साहेबाला टेनिस खेळायची हुक्की आली. त्याला मैदान हवं होतं, शेजारी पाहुण्यांसाठी बंगला हवा होता, आणि सपाट जागा कुठेच नव्हती. मग त्याने कंपनीची यंत्रं लावून टेकडीचं डोकंच उडवलं. चार महिने काम चाललं आणि कागदावर त्यातलं एक अक्षर येऊ दिलं नाही, कारण हा सगळा साहेबाच्या हौसेचा मामला. भोकांच्या तोंडाशी बसवलेले लोखंडी पाइप त्यात कापले गेले. पुढे तपासणी येणार म्हटल्यावर साहेब घाबरला आणि त्याने तरुण मास्तरांना फर्मावलं, भोकांच्या जागी खांब उभे कर. मास्तरांनी फीत लावून एकेक जागा शोधली. जागा बोटभरही चुकली नाही. फक्त टेकडी चौदा मीटरने बुटकी झाली होती. म्हणजे पेटीवर शहाण्णव लिहिलेला थर आता खांबापासून ब्याऐंशी मीटरवरच होता, आणि नकाशेबुवा त्याच्या खालून बोगदा नेणार होते.

ज्या टेनिससाठी हे झालं ते टेनिस साहेब जेमतेम दोन हिवाळे खेळला. बंगल्याचं छप्पर पडलं, मैदानावर गवत माजलं, तेव्हाची माणसं मेली नाहीतर गाव सोडून गेली. टेकडीला कधी काळी डोकं होतं हे आता एकट्या मास्तरांना ठाऊक होतं.

"काही चुकतंय का बाबा?" जावयाने विचारलं. "तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा."

आता हा प्रश्न होता. सरळ, मराठीत विचारलेला. पण मास्तरांना तो प्रश्न वाटलाच नाही. असं विचारतात होय? नकाशा हातात, एक डोळा घड्याळावर, आणि नीट बसायचं नावसुद्धा नाही! बत्तीस वर्षं इथे घालवलेल्या माणसाला विचारायचं तर खुर्ची ओढून विचारावं, गळ घालून विचारावं.

"मी पेट्या पुसणारा माणूस," मास्तर म्हणाले. "शास्त्र तुमचं."

जावई नकाशा गुंडाळून गेला. मास्तरांनी ठरवलं की खणू दे थोडं. तोंडघशी पडला की येईल आपल्या पायांनी, मग सांगू. सांगायचं होतंच त्यांना. फक्त जरा उशिरा.

बोगदा सुरू झाला. दोन महिन्यांत तो टेकडीखाली पोचला आणि तिथून पुढे दर मीटरला दोन नमुने, एक डाव्या भिंतीचा आणि एक उजव्या, मुलीच्या प्रयोगशाळेत यायला लागले. नऊ नंबरच्या भोकाखाली काही लागलं नाही. पुढे लागेल, जावई म्हणाला. अकराखालीही काही लागलं नाही. थर खाली झुकला असेल म्हणून त्याने बोगद्याच्या तळाला तीन ठिकाणी भोकं पाडून बघितली. खाली! मास्तरांना हे कळलं तेव्हा ते पेट्यांच्या आड जाऊन हसले.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मुलगी उशिरा यायची. केसांत, भुवयांत दगडाचं करडं पीठ, नाकावर आणि गालांवर मास्कचे वळ. जेवायला बसल्यावर तिला खोकल्याची उबळ आली की ती पाठ वळवायची.

"आज किती?" मास्तर विचारायचे.

"सहा."

"काय निघालं?"

"तेच. काही नाही."

"आणि पुड्या? एकही पुडी अजून माझ्याकडे आलेली नाही."

"एकदम देते बाबा, बोगदा संपला की. बांधून ठेवल्यात सगळ्या."

"नियम सगळ्यांना सारखा," मास्तर म्हणायचे आणि भात पुढे ओढायचे.

सुटीच्या दिवशीही ती गिरणी चालवायची, कारण मुख्य कचेरीला आकडे हवे असत. मदतनीस सोडून गेला होता. बुडत्या खाणीत कोण राहणार? तिच्या बोटांची टोकं आम्लाने पिवळी पडली होती. मास्तरांना ते दिसत होतं. वाईटही वाटत होतं. पण त्या वाइटाचं बिल ते मनातल्या मनात जावयाच्या नावावर फाडत. ह्याने नीट विचारलं असतं तर पोरीला हे करावं लागलं असतं का?

एकदा मात्र शब्द अगदी ओठांवर आले होते. जावई त्या दिवशी जेवला नाही. ताटावर नुसता बसून राहिला आणि म्हणाला, "माझं कुठेतरी चुकतंय. कुठे ते कळत नाही."

मास्तरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. घसा खाकरला. तेवढ्यात जावई पुढे म्हणाला, "नाहीतर त्या जुन्या पेट्यांवरच्या खोल्या चुकीच्या असतील. तेव्हाची माणसं काय, अंदाजपंचे लिहीत असतील आकडे."

झालं. ते आकडे मास्तरांच्या हातचे होते. त्यांनी पेला पुन्हा उचलला, पाणी पिऊन टाकलं आणि हात धुवायला उठले. त्या एका वाक्यावर त्यांनी पुढचे सात आठवडे काढले. मूग गिळून बसायला माणसाला कारण लागतं, आणि असल्या माणसांना ते फार लवकर सापडतं.

बारा नंबरचं भोकही मागे पडलं. मुख्य कचेरीचा एक साहेब बंदचा हुकूम घेऊन निघाल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी मुलीने जेवण वाढलं आणि मास्तरांसमोर एक पाकीट ठेवलं.

"शहरातल्या प्रयोगशाळेचा अर्ज आहे. भरून दोन महिने झाले."

"मग?"

"पाठवला नाही. तुम्ही एकटे पडाल म्हणून. आता पाठवावाच लागेल." तिने पाकीट परत उचलून कपाटावर ठेवलं. "भाजी घेताय ना?"

त्या पाकिटाने मास्तर हलले. म्हणजे पश्चात्ताप झाला असं कोणी समजू नये. वेळ झाली, एवढंच त्यांना वाटलं. बोलवायला कोणी येत नाही म्हटल्यावर आपण होऊन जायची वेळ.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून मॅनेजरच्या खोलीत गेले. खोलीत मुख्य कचेरीचा साहेब होता, मॅनेजर होता आणि कोपऱ्यात, गुन्हेगारासारखा, जावई. भिंतीवर त्याचा नकाशा लावलेला. मास्तर न विचारता खुर्चीवर बसले आणि सांगायला लागले. टेनिसपासून सुरुवात केली. मोठा साहेब कसा होता, यंत्रं कशी आली, पाइप कसे कापले, खांब कोणी रोवले. रंगवून रंगवून सांगितलं. पंधरा मिनिटं ती खोली त्यांच्या मुठीत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा ते एवढ्या लोकांसमोर बोलत होते. शेवटी उठून त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

"शास्त्र सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त टेकडीला डोकं नाही. चौदा मीटर."

जावई भिंतीपाशी गेला. ओठ हलवत त्याने वजाबाकी केली.

"वर आहे," तो पुटपुटला. "आपण खालून गेलो. छतापासून दहा मीटर वर!" आणि मास्तरांकडे न बघता, कोणाची परवानगी न घेता, तो खाणीकडे धावत सुटला.

मॅनेजरने मास्तरांकडे बघितलं. "अहो मास्तर, हे आधी का नाही सांगितलंत? पहिल्या दिवशी?"

या प्रश्नाची मास्तर किती महिने वाट बघत होते. ते खुर्चीत रेलले.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ते म्हणाले. "पण मला नीट विचारलं कोणी?"

मागे काहीतरी हललं म्हणून त्यांनी वळून बघितलं. दारात मुलगी उभी होती. हातात आदल्या दिवशीच्या नमुन्यांचा कागद. तिने तो कागद टेबलावर ठेवला, साहेबासमोर सरळ केला आणि निघून गेली.

दुपारपर्यंत बोगद्याच्या छताला भोक पडलं. नऊ मीटरपर्यंत भोकातून दगडाच्या भुग्याचा साधा चिखल आला, दहाव्याला तो काळसर चमकायला लागला. खाणीत आरडाओरडा झाला, मॅनेजरने भांग सारखा करून फोटो काढून घेतले, आणि मुख्य कचेरीच्या साहेबाने बंदचा हुकूम बॅगेत परत घालत सांगितलं की मला आधीपासूनच खात्री होती. जस्त अकरा टक्के, शिसं सहा. तो आकडाही मुलीनेच काढला आणि तीच तो घेऊन संध्याकाळी कांडीघरात आली.

मास्तर पेट्या पुसत होते. ते खुशीत होते. खाण वाचली, घर वाचलं, तिसरं दार वाचलं, आणि वर नकाशेबुवांचं नाकही जमिनीला टेकलं.

"आता तो अर्ज फाडून टाक," ते म्हणाले.

"बाबा, चारशे बारा नमुने झाले."

"काय?"

"टेकडीखाली शिरल्यापासून कालपर्यंत. चारशे बारा. त्यातला एखादा तरी भरलेला निघेल असं तुम्हाला वाटलं होतं?"

मास्तर फडकं पिळायला लागले. "तसं नाही पोरी. तुझ्या नवऱ्याने जर खुर्ची ओढून..."

"वाटलं होतं का?"

"नाही."

"एकही?"

"नाही."

"मग मी ते दळत होते तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

मास्तरांनी पिळून झालेलं फडकं पुन्हा पिळलं.

"जेवत होतात," ती म्हणाली. "माझ्याकडे. रोज विचारायचात, काय निघालं."

ती रडली नाही, ओरडली नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. थोडा वेळ, नीट, एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने बघावं तशी. मास्तरांनी ती नजर लगेच ओळखली. बत्तीस वर्षं ते त्याच नजरेने दगड बघत आले होते. तिचं बघून झालं. मग एक शब्दही न बोलता ती वळली आणि निघून गेली.

अर्ज दुसऱ्या दिवशी टपालात पडला. चहाचा थर्मास पुढेही येत राहिला, पण जावयाच्या हातून. हा गाढव आणखीच अदबीने वागत होता. "बाबा, तुम्ही सांगितलंत म्हणून वाचलो," असं त्याने दोनदा म्हटलं आणि अहवालातही तसंच लिहिलं, 'कांडीघराच्या प्रमुखांनी दिलेल्या माहितीवरून'. मास्तरांनी त्याच्या तोंडाकडे बघून बघून त्यात टोमणा शोधला. टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि मास्तरांना हे एवढं जड गेलं की त्यांनी थर्मास घरी विसरायला सुरुवात केली.

महिन्याभराने मुलगी शहरात गेली. तिच्यामागे दोन महिन्यांनी नव्या माणसाच्या हाती नकाशा सोपवून जावईही गेला. निघण्याआधी ती भेटायला आली होती. किल्ली कोणाकडे द्यायची, दूधवाल्याला काय सांगायचं, औषध कधी घ्यायचं, सगळं तिने व्यवस्थित सांगितलं. भांडण झालेली माणसं निदान भांडतात. ही नुसती व्यवस्थित बोलली.

ती गेली त्याच दुपारी प्रयोगशाळेचा गाडा कांडीघराच्या दाराशी येऊन थांबला. गाड्यावर सात खोकी आणि वर एक यादी. आत पुड्या, एकेक कागद घट्ट घडी घातलेला, एकेक नंबर तिच्या बारीक अक्षरात. नियमाप्रमाणे जमा करून घ्यायच्या होत्या. एकेक पुडी यादीशी ताडायची आणि समोर सही करायची, हाही नियमच, मास्तरांनी स्वतः घातलेला.

खोक्यात चिठ्ठी असेल असं त्यांना वाटलं. सातही खोकी तळापर्यंत उपसून त्यांनी शोधली. चिठ्ठी नव्हती. मग ते टेबलाशी बसले आणि पहिली पुडी उचलली. नंबर एक. डावी भिंत. तारीख. शिसं, नाही. जस्त, नाही. त्यांनी सही केली. नंबर दोन. उजवी भिंत. शिसं, नाही. जस्त, नाही. सही. एका पुडीवर त्यांच्याच वाढदिवसाची तारीख होती. त्या दिवशी ती सकाळी उठून गोड करून मग कामावर गेली होती. एकीवर तिला ताप होता तेव्हाची. एकीवर जावई न जेवता उठला त्या दिवसाची, त्या दिवशी सहा होत्या.

मॅनेजर चक्कर मारायला आला तेव्हा खोक्यांना अडखळला. "मास्तर, आता माल लागलाय. हा रिकामा कचरा कशाला ठेवताय? द्या फेकून, जागा अडते."

"फेकता येत नाही," मास्तर मान वर न करता म्हणाले.

पुड्या ताडायला त्यांना तीन दिवस लागले. चारशे बारा वेळा त्यांनी 'नाही' वाचलं आणि चारशे बारा वेळा त्याच्यासमोर स्वतःची सही केली.